माळ्यावर गंजिफाची पेटी सापडली (117 पत्ते + 1), खेळ येणारं कुणी आहे का इथे?

हिरवाचाफा | 19 मे

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझं आजोळ सावंतवाडीच्या जवळ, बांद्याच्या वाटेवरून आत. आजी गेल्यापासून घर बंदच आहे, पावसाच्या आधी कौलं परतून घ्यायची म्हणून मी आणि मामेभाऊ आठ दिवस जाऊन राहिलो. माळा रिकामा करताना तांब्याची घंगाळं, मोडका पाळणा, भाताची मापं, जुनी पंचांगं असं नेहमीचं सगळं निघालं आणि एका धोतरात गुंडाळलेली लाकडी पेटी निघाली. सरकतं झाकण, वर वेलबुट्टी काढलेली, रंग बराच उडालाय. आत गोल पत्ते. माझ्या तळहातात सहज मावतील एवढे, पाठीमागून तांबूस तपकिरी आणि अजून चकचकीत, पुढून चित्रं. मासा, कासव, परशू, गाय, तलवार असं काय काय आणि काही पत्त्यांवर मखरात बसलेले देव.

गंजिफा एवढं मला कळलं, कारण लहानपणी राजवाड्यात बघितलेले आठवतात. पण घरात असेल असं कधी कुणी बोललं नव्हतं. मोजले तर 117 भरले. आणि त्यातच आणखी एक पत्ता आहे तो ह्यांच्यातला नाहीच, जाड कागद गोल कापून त्यावर पेन्सिलीनं कासवं काढलीयत, नऊ. कासवं कसली, बटाट्याला पाय फुटल्यासारखी दिसतात, पण मोजून नऊ आहेत.

माझे प्रश्न असे. एक, पूर्ण संच किती पत्त्यांचा असतो. दोन, हे खेळतात कसं, म्हणजे खरंच बसून खेळता येईल इतपत कुणी सांगेल का. तीन, काही पत्त्यांच्या कडा सुटायला लागल्यात, त्याचं काय करू? मामेभाऊ म्हणतो फेविकॉल लाव, माझा हात होत नाही.

---

रातांबा | 19 मे

फेविकॉल अजिबात नको!!! आधी हे वाच मग बाकीचं.

संच दशावताराचा आहे, 120 पत्ते. दहा अवतार म्हणजे दहा रंग (आपण इस्पिक बदाम म्हणतो ना ते रंग), प्रत्येक रंगात बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. आमच्या सावंतवाडीकडच्या खुणा साधारण अशा असतात, मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वराहाचा शंख, नरसिंहाचं चक्र, वामनाचा कमंडलू, परशुरामाची परशू, रामाचा बाण, कृष्णाची गाय, बुद्धाचं कमळ, कलंकीची तलवार. जिथे देव बसलाय तो राजा, दुसरं चित्र प्रधानाचं, बाकीच्यांवर नुसती खूण मोजून काढलेली. आकडा कुठेच लिहिलेला नसतो, खुणा मोजायच्या. मुरलेला गडी मोजत नाही, मांडणी बघूनच त्याला कळतं ही सत्ती आहे की अठ्ठी.

प्रत्येक रंगाची जमीन (मागचा रंग) वेगळी असते, म्हणून आधी जमिनीवरून ढीग कर, दहा ढीग होतील. मग प्रत्येक ढिगात कोण नाही ते बघ आणि इथे सांग.

---

हिरवाचाफा | 20 मे

केलं! रात्री दीडपर्यंत बसले होते. दोन रंगांची जमीन उडून सारखीच झालीय त्यामुळे घोळ झाला, पण जमलं.

तीन पत्ते नाहीत. वामनाची पंजी, रामाचा प्रधान आणि कूर्माची नव्वी. म्हणजे ती पेन्सिलीची नऊ कासवं हरवलेल्या नव्वीच्या जागी आहेत!! हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला खरं सांगते. तो कागद नीट पाहिला तर पोस्टकार्ड आहे, पाठीमागे शाईनं "सा. न. वि." एवढं दिसतं आणि पुढचं कापलं गेलंय.

---

काजूबी | 20 मे

म्हणजे घरात खेळत होते. एक पत्ता हरवला तर डाव बंद पडू नये म्हणून कुणीतरी आलेलं पत्र कापून पत्ता केला. या संचातली सगळ्यात भारी वस्तू ती आहे ताई, तिला जपा.

---

दौतटाक | 20 मे

वाचनखूण साठवली.

थोडा इतिहास टाकतो, ज्यांना नको त्यांनी पुढे जावं.

गंजिफा मुळात इराणकडून आलेला खेळ. बाबरानं 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजलनं अकबराच्या संचाचं वर्णन दिलंय, तो 12 रंगांचा, 144 पत्त्यांचा. नंतर सगळीकडे पसरला तो आठ रंगांचा, 96 पत्त्यांचा मुघल गंजिफा. त्याचे रंग बघा, ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. म्हणजे मुकुट, चांदीचं नाणं, तलवार, नोकरचाकर, वाद्य, सोन्याचं नाणं, दस्तऐवज आणि माल. अख्खा दरबार आणि त्याची खाती पत्त्यांवर उतरवलीत.

आणि तोच खेळ खाली आला तेव्हा लोकांनी दरबार काढून टाकला आणि दशावतार बसवले, बारा पत्त्यांचा हिशेब तसाच ठेवून. मला हे फार आवडतं. खेळ परका होता म्हणून टाकून दिला नाही, आणि जसाच्या तसाही घेतला नाही. ज्या मुलखात जत्रेला रात्र रात्र दशावतारी नाटकं होतात, संकासुर आला की पोरं आईला चिकटतात, तिथे पत्त्यांवरही मासा आणि कासवच येणार ना. खेळता खेळता पोरांना दहा अवतार क्रमानं पाठ होत असतील हे वेगळंच.

बंगालमध्ये बिष्णुपूरला, ओडिशात, म्हैसूरकडे, तेलंगणात निर्मलला असे गंजिफा होतात आणि प्रत्येकाचं वळण निराळं. बिष्णुपूरचा पत्ता आणि सावंतवाडीचा पत्ता शेजारी ठेवलात तर एकच विषय आहे हे पटायला वेळ लागतो.

---

निळीशाई | 21 मे

कॉलेजच्या डॉक्युमेंटेशनसाठी मी दोन महिने सावंतवाडीत राहिले होते, रोज एका चितारी काकांकडे जाऊन बसायचे, तेव्हा कडा सुटण्याबद्दल सांगू शकते.

हे पत्ते एका जाड कागदाचे नसतात. जुने कापडाचे असायचे, आता कागदाचे थर, एकावर एक चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले. चिंचोके भिजवून वाटून शिजवून ती खळ करतात, वास अजून नाकात आहे माझ्या. वाळलं की वर पांढरा थर, मग अकीकाच्या दगडानं घोटायचं. घोटणं हे निम्मं काम आहे. मला पहिले आठ दिवस फक्त घोटायलाच दिलं होतं, मनगट सुजलं, आणि काकांनी बोट फिरवून सांगितलं अजून खरखर आहे. तो पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर ब्रश अडखळतो आणि बारीक रेघ फाटते. मग गोल कापायचे, मग जमीन भरायची, मग आकृतीचे रंग, सगळ्यात शेवटी काळी रेघ. त्या शेवटच्या रेघेत डोळे उघडतात देवाचे. आणि पाठीला लाखेचा थर, तो तुमचा तांबूस तपकिरी.

आता हिशेब करा, 120 पत्ते, प्रत्येकावर हे सगळं. दश्शीवर दहा गायी काढायच्या आणि दहाही सारख्या दिसल्या पाहिजेत. राजाचा पत्ता अवघड वाटतो बघणाऱ्याला, पण काका म्हणायचे राजा काढताना मन लागतं, दश्शी काढताना परीक्षा होते.

कडांबद्दल. ओलं फडकं लावू नका, खळ पाण्यानं सुटते. वॉर्निश, लॅमिनेशन, सेलोटेप काहीही नको. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा, पत्त्यांच्या मधे बटर पेपरच्या गोल चकत्या ठेवा, आणि कोकणातल्या पावसात तिथे ठेवू नका. सुटलेल्या कडा चिताऱ्यालाच दाखवा, त्याच्याकडे तीच खळ असते.

---

तिठ्यावरचा | 21 मे

खेळाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. आमच्या घरात आजोबा खेळत, मी शेवटचा बघितलेला.

तिघं लागतात. 120 पत्ते, प्रत्येकी 40. हातात एवढे गोल पत्ते धरायचे म्हणजे पंखा होत नाही, कुणाच्या हातात एक जुडी आणि उरलेले मांडीवर. पिसायचे म्हणजे चादरीवर सगळे पालथे ओतून हातानं कालवायचे. हुकमाचा रंग नाही. ज्या रंगाची उतारी त्या रंगाचा मोठा पत्ता हात नेतो. शेवटी प्रत्येकानं जिंकलेले पत्ते मोजायचे, 40 च्या वर गेला तो वर, खाली राहिला त्यानं भरायचं.

आता गंमत. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत मोठे, पण त्यांच्याखाली पाच रंगांत दश्शी मोठी नि एक्का लहान, आणि उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा नि दश्शी लहान. नवा माणूस इथेच मरतो. आणि कुठले पत्ते गेले ते सगळं डोक्यात ठेवायचं, कारण आपल्याकडचा सहावा पत्ता आता त्या रंगात सगळ्यात मोठा उरलाय हे ज्याला कळलं तो डाव खातो. ब्रिजवाले खेळून बघा एकदा, नंतर बोलू.

आणि सुरुवात. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा. आजी म्हणायची, "दिसाचो राम, रातचो किसन." मला वाटायचं ती देवाबद्दल काहीतरी म्हणतेय, पत्त्यांबद्दल आहे हे फार उशिरा कळलं. राम सूर्यवंशी, दुपारी बारा वाजता जन्मलेला, कृष्ण मध्यरात्री जन्मलेला. कुणी कसं डोकं लावलंय बघा.

---

हिरवाचाफा | 21 मे

दिसाचो राम, रातचो किसन... हे वाक्य माझ्या आईनं ऐकलंय! आत्ता फोन करून विचारलं. तिला खेळ आठवत नाही, ती सगळ्यात धाकटी, पण ती म्हणे मोठ्या मावशीला येत असणार. मावशी कुडाळला असते, वय 78. विचारते.

---

दूरदेशी | 22 मे

न्यू जर्सीहून. आमच्याकडे गेली बारा वर्षं दिवाणखान्यात गंजिफा फ्रेम करून लावलाय, लग्नात मिळाला होता. दहा राजे काचेत, बाकीचे 110 पत्ते पेटीत कपाटात. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो की ही आमच्याकडची जुनी कला. खेळ कसा आहे हे आज पहिल्यांदा कळलं, बारा वर्षांत मलाच प्रश्न पडला नव्हता. आज रात्री बायकोला म्हटलं फ्रेम काढूया का.

---

ओटीपडवी | 22 मे

थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. जुना हाताचा संच आहे, तोही जवळजवळ पूर्ण, आणि तुम्ही सगळे खेळायला बसा म्हणताय. घामाचे हात, चादरीवर कालवणं, त्या रंगाचे पोपडे जातील. असा संच संग्रहालयात द्यावा. पुण्यात केळकर संग्रहालयात गंजिफा आहेत, तिथे काचेत का होईना पुढच्यांना बघायला मिळतात. खेळायचंच असेल तर नवा संच विकत घ्या, चिताऱ्यालाही चार पैसे मिळतील.

---

तिठ्यावरचा | 22 मे

ओटीपडवी, तुमचं चुकत नाही, पण मला एक सांगा, आज गंजिफा विकत घेणाऱ्यांतले किती जण खेळतात? मी सावंतवाडीचाच आहे, मोती तलावाच्या काठावर लहानाचा मोठा झालो. दुकानात येणारं गिऱ्हाईक दहा राजे बघतं, फोटो काढतं, फार तर राजांचा छोटा सेट घेतं. दश्श्या सत्त्या कुणाला नको असतात. मग चितारी दश्शी काढायची कशाला? नव्या पोरांना दश्शी येणार कशी? जो पत्ता खेळायला लागत नाही तो काढायलाही लागत नाही, हे मी डोळ्यांनी बघतोय. पत्ते खेळले गेले पाहिजेत, झिजले पाहिजेत, हरवले पाहिजेत, म्हणजे नवे लागतात. पूर्वी पत्ता हरवला की चितारआळीत जाऊन एक पत्ता करून आणायचे लोक.

---

निळीशाई | 22 मे

हे अगदी बरोबर. मी गेले तेव्हा काकांनी दोन महिन्यांत पूर्ण 120 चा एकही संच केला नाही. कोस्टर केले, टिश्यूपेपरचे डबे केले, आरशाच्या चौकटी केल्या, सगळ्यांवर गंजिफाची चित्रं. मला तेव्हा वाईट वाटायचं, आता तेवढं वाटत नाही. त्या कोस्टरवर घर चालतं आणि हात चालू राहतो. हात बंद पडला की संपलं. पण कोस्टरवर राम काढायचा म्हणजे त्यावर गरम चहाचा कप ठेवणार, म्हणून काका कोस्टरवर फक्त वेल आणि मासे काढायचे, देव काढायचे नाहीत. दुकानदारानं मागितले तरी नाही. मला ते फार मोठं वाटलं.

---

रातांबा | 23 मे

सावंतवाडीत हा खेळ एकदा जवळपास संपलाच होता हे नव्या लोकांना माहीत नसतं. छापील पत्ते आले, 52 चे, स्वस्त, पिसायला सोपे, कुठेही मिळणारे. गोल पत्ते कोण करत बसणार. चितारी लोक पाट, चौरंग, देव्हारे, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं खेळणी याच्यावर जगले. गंजिफा करणारे अगदी वयस्क चितारी तेवढे उरले होते, त्यात पुंडलिक चितारी. शिवरामराजे भोसले आणि सत्वशिलादेवी हे त्यांच्याकडून शिकले, म्हणजे राजा राणी स्वतः ब्रश घेऊन बसले, आणि मग 1971 मध्ये राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू झालं. अजूनही दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना दिसतात. आपण त्या दोघांबद्दल बोलतो, बोलायलाच हवं, पण मला त्या म्हाताऱ्या चिताऱ्याचं जास्त वाटतं. मागणी नसताना, शिकायला कुणी नसताना त्यानं ते हातात ठेवलं होतं. ते हातात नसतं तर राजाराणी शिकणार कुणाकडून?

आता जीआय मानांकनही मिळालंय सावंतवाडीच्या गंजिफाला. चांगलं आहे, छापील स्टिकरवाल्या गोल चकत्या "हाताचं काम" म्हणून विकणाऱ्यांना थोडा चाप बसेल अशी आशा करूया. मी स्वतः एका दुकानात फसलोय. पाठीवर नख फिरवा, लाख असेल तर कळते.

---

बाभळीचाकाटा | 23 मे

नोकरीनिमित्त ओडिशात चार वर्षं होतो. पुरीच्या जवळच्या एका गावात देवळाच्या ओसरीवर संध्याकाळी म्हातारी माणसं गोल पत्ते खेळताना बघितलीत, गंजपा म्हणतात तिथे. पत्ते इतके झिजलेले की चित्र कुठलं हे मला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं. एकमेकांवर ओरडत होते. काय खेळ चाललाय म्हणून वाकून बघितलं तर एका आजोबांनी मला हातानं बाजूला केलं, त्यांचा उजेड अडत होता. तिथे रघुराजपूरला पट्टचित्रवाले हे पत्ते करतात, पर्यटक विकत घेतात आणि हे म्हातारेही. दोन्ही चालू आहे. तिठ्यावरचा म्हणतायत ते खोटं नाही.

---

काजूबी | 23 मे

अवांतर होतंय पण सावंतवाडीला गेलात की कुडाळजवळ पिंगुळीला नक्की जा. ठाकर समाजाची चित्रकथी आहे तिथे. कागदावरची चित्रं एकामागून एक उलटत, वीणा हुडूक टाळ यांच्या साथीनं रामायण महाभारताच्या गोष्टी गाऊन सांगतात, कळसूत्री बाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री मिळाला त्यासाठी. तिथेही हीच गोष्ट, नुसतं चित्र विकत घेऊन भिंतीवर लावलं तर अर्धंच हातात येतं, ते सांगणाऱ्याच्या मांडीवर असताना ऐकायला हवं. माझ्या मुलानं दीड तास तोंड उघडं टाकून ऐकलं, त्या दिवशी त्याला मोबाईलची आठवण झाली नाही.

---

ओटीपडवी | 24 मे

वाचतेय सगळं. मत पूर्ण बदललं नाही पण ओडिशाचे आजोबा मनात राहिले. हिरवाचाफा, खेळलात तर हात धुऊन कोरडे करून बसा, आणि सतरंजीवर नको, मऊ सुती चादरीवर. आणि आधी सगळ्या पत्त्यांचे फोटो काढून ठेवा, पुढून मागून दोन्ही. एवढं माझं ऐका.

---

हिरवाचाफा | 24 मे

ऐकलं. फोटो काढायला घेतलेत, 118 गुणिले दोन.

---

हिरवाचाफा | 18 सप्टेंबर

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं बरंच झालंय.

गणपतीला सगळे आजोळी जमलो. मावशीला कुडाळहून आणलं. पेटी तिच्यासमोर ठेवली तर ती आधी काही बोललीच नाही, झाकण तीन चार वेळा सरकवलं फक्त, उघड झाक उघड झाक. मग म्हणाली ह्याचा आवाज तसाच आहे.

पोस्टकार्डाचा पत्ता दाखवला. तो मोठ्या मामांनी केलाय, ते तेव्हा शाळेत होते. खरी नव्वी ओटीवरून उडून चुलीकडे गेली की उंदरानं नेली यावर दोन पक्ष होते म्हणे घरात आणि ते भांडण कधी मिटलं नाही. आजोबा सावंतवाडीला जातील तेव्हा नवा पत्ता करून आणणार होते, पण रात्री डाव अडला म्हणून मामांनी आलेलं पत्र कापलं. त्या पत्रात काय होतं हे कुणी वाचलं होतं की नाही माहीत नाही, आजोबा खूप रागावले आणि मग खेळायला बसले.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या पत्त्याची पाठ पांढरी! म्हणजे कूर्माची नव्वी कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना कायम दिसायचं. मी म्हटलं मग खेळत कसे होता? मावशी म्हणाली, "दिसायची की. ज्याच्याकडे यायची तो बिचारा पहिल्यापासून उघडा पडायचा. चालवून घेत होतो."

आम्ही खेळलो. मावशी, मी आणि मामेभाऊ. उरलेल्या दोन पत्त्यांसाठी लग्नपत्रिका कापल्या, वामनाची पंजी मी काढली, रामाचा प्रधान भाचीनं, तिनं घोडा काढला आणि त्याच्यावर बसायला कुणी जमलं नाही म्हणून घोड्यालाच फेटा बांधला. रात्र होती म्हणून कृष्णाच्या राजानं सुरुवात, तो मावशीकडे आला होता, तिनं त्याच्याबरोबर एक बारका पत्ता जोडून टाकला आणि आम्हालाही दोन दोन टाकायला लावले, पहिला हात तसा असतो म्हणाली. तिठ्यावरचा, तुमच्याकडे असं होतं का? वाटप तिनं चार चार पत्त्यांचं केलं. पाच रंग सरळ पाच उलटे, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही, माझी दश्शी जाऊन एक्क्याखाली पडत होती. मावशीला सकाळी घेतलेली गोळी आठवत नाही, संध्याकाळी परत विचारते घेतली का म्हणून. पण मत्स्याची सत्ती गेलीय का म्हटल्यावर तिनं पत्ते न बघता सांगितलं, गेली, दुसऱ्या हाताला, तूच टाकलीस. तिचे 57 झाले. आमच्या दोघांचे मिळून 63.

---

तिठ्यावरचा | 18 सप्टेंबर

हो हो, पहिला हात दोन पत्त्यांचा, आजोबाही तसंच करत, मी लिहायला विसरलो होतो. आत्ता वाचताना हात दिसले त्यांचे. मावशींना नमस्कार सांगा.

---

ओटीपडवी | 18 सप्टेंबर

57! मावशींना माझाही नमस्कार. पत्ते कसे आहेत?

---

हिरवाचाफा | 19 सप्टेंबर

ठीक आहेत. एका राजाच्या मुकुटाजवळचा पोपडा उचललाय थोडा, तो आधीपासून होता की नाही हे फोटोत बघते, बरं झालं काढून ठेवले. आता चिताऱ्यांकडे जाणारच आहे, कडा दाखवायला आणि हरवलेले पत्ते करून घ्यायला.

---

निळीशाई | 19 सप्टेंबर

जाताना त्याच रंगातले चार पाच पत्ते आणि एक दोन राजे घेऊन जा, जमीन आणि रेघेचं वळण जुळवायला लागेल त्यांना. आणि पाठ मुद्दाम दाखवा, तेच अवघड आहे. जुनी लाख इतक्या हातांनी घासून गडद होते की नवी कितीही जुळवली तरी उजळ दिसते.

---

हिरवाचाफा | 2 नोव्हेंबर

आले पत्ते! तीन आठवडे लागले. प्रधान इतका सुंदर झालाय की बाकीच्यांच्या शेजारी नवरदेव वाटतो. ज्यांनी केला त्यांनी दोनदा परत काढला, पहिल्यात घोड्याची मान आमच्या संचातल्या घोड्यांसारखी वळत नव्हती म्हणून. कडाही खळ भरून दाबून दिल्या, त्याचे वेगळे पैसे घेईनात, बळंच दिले.

दोनच पत्ते करून घेतले, पंजी आणि प्रधान. नव्वी करायला त्यांनी विचारलं होतं, मी मावशीला फोन लावला, ती म्हणाली नको, आहे की. निळीशाई म्हणाली तसंच झालंय, नव्यांची पाठ उजळ आहे आणि मामांची पांढरी, म्हणजे आता तीन पत्ते पाठीवरून ओळखू येतात. दिवाळीला मावशी इकडे येतेय, चौथा डाव आहे. भाचीला तिसरी गडी म्हणून घेतलंय, ती सध्या पाच सरळ पाच उलटे पाठ करत घरभर फिरतेय.